तागा उजेडात धरतो, मग घर का नाही?

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षांहून जास्त गेली. या धंद्याचा पहिला धडा असा की तागा बांधलेला घेऊ नये, उलगडून घ्यावा. वरचे दोन वार चांगले आणि आत डाग, तुटलेले धागे, रंगातला फरक, हे आम्ही इतके पाहिले आहे की भाऊ दुकानात माल घेऊन आला तरी आम्ही त्याचे ठाण दाराशी नेऊन उजेडात धरतो. यात अविश्वास नाही, ही धंद्याची रीत आहे.

आपल्या जिल्ह्यातला शेतकरीही हे जाणतो. खामगाव, मलकापूरच्या बाजारात कापसाची गाडी आली की आधी हात घालून ओल पाहतात. सी.सी.आय.च्या खरेदीत तर यंत्र लावतात; ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत जातो. काही हजारांच्या कापसाची ओल यंत्राने मोजणारे आपण, पंधरा-वीस लाखांचे घर घेताना भिंतीला साधा हात लावून पाहत नाही.

आम्ही स्वतः पाहिला नव्हता, म्हणून हे लिहीत आहोत.

आमचा सौदा

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही घाटाखालच्या एका गावात खाली दुकान, मागे गोदाम आणि वर राहण्याची जागा असे घर घेतले. भर उन्हाळ्यात पाहिले. भिंतींना ताजा डिस्टेंपर होता, फरशी चकचकीत होती. आपल्या मोहल्ल्यात घर निघाले की घेणारे दहा असतात; दलाल म्हणाला, आज बयाणा दिला नाही तर उद्या दुसरा देईल. आम्ही वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला, मालमत्ता पत्रक पाहिले, नगरपरिषदेच्या कराच्या पावत्या पाहिल्या. कागद सगळे साफ होते. कागदाला ओल नव्हती, भिंतीला होती.

जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचा माल भरला. वर्षाची निम्मी कमाई त्या एका महिन्यात असते. गठ्ठे मागच्या भिंतीला लावून ठेवले. आषाढ लागला, डिस्टेंपर फुगला, पोपडे पडले आणि गठ्ठे उघडले तर पांढऱ्या कापडावर काळे ठिपके. कापडावरचा बुरशीचा डाग धुऊन जात नाही, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. तो माल किलोच्या भावाने गेला. वर धाकट्या मुलीचा खोकला दिवाळीपर्यंत थांबला नाही. डॉक्टरांनी औषध दिले आणि विचारले, मुलगी झोपते ती भिंत कोरडी आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा व श्वासाचे विकार जास्त होतात, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. आम्हाला ते त्या भिंतीने शिकवले.

आपल्या जमिनीचा स्वभाव

हा दोष एका घराचा नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि आपला जिल्हा मिळून खारपाण पट्टा आहे. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूची कितीतरी गावे त्यात येतात. जमिनीतले खारे पाणी विटेतून वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. तेच मीठ प्लास्टर फोडते. जोत्यावर ओल अडवणारा थर नीट घातलेला नसेल तर वरून कितीही रंग द्या, दुसऱ्या पावसाळ्यात भिंत आपले खरे रूप दाखवते.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर घर वर्षातून एकदा वर-खाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. म्हणून जाणते गवंडी म्हणतात ते आम्हाला पटते: भेग पाहायची तर वैशाखात पाहावी, ओल पाहायची तर श्रावणात. एकाच भेटीत घर कळत नाही.

त्यात 2023 च्या जुलैत संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी होऊन घरांत पाणी शिरले. पाणी उतरले, घरे रंगली. अशा भागात घर घेणाऱ्याने पाणी कुठवर चढले होते, हे घरमालकाला विचारावे आणि शेजाऱ्यालाही विचारावे.

जमिनीखालची टाकी

भिंत निदान डोळ्यांना दिसते. संडासाची टाकी दिसत नाही आणि तिच्याबद्दल विचारायची आपल्याला लाज वाटते. ही लाज फार महाग पडते.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी टाकीचा तळ बांधतच नाहीत. मालक अभिमानाने सांगतो, वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही! ही टाकीची तारीफ नसून तिची तक्रार आहे, हे ध्यानात घ्या. चांगल्या टाकीत गाळ साचतोच आणि दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. जी कधीच भरत नाही, तिच्यातले सगळे जमिनीत जाते आणि तिथून शेजारच्या बोअरमध्ये. उलट काही टाक्यांचे तोंड सरळ उघड्या नालीत सोडलेले असते. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून उन्हाळ्यात बरा चाललेला शोषखड्डा श्रावणात तुंबतो आणि संडास उलटा भरून येतो. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर दूर हवा. आपल्या गल्ल्यांत संपूर्ण घराची लांबी तेवढी नसते, हे खरे. पण म्हणूनच टाकीचा तळ आणि भिंती पक्क्या हव्यात.

जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला आणि नमुने तपासणीला धावले. संकट आल्यावर आपण पाणी तपासतो. घर घेण्याआधी बोअरच्या पाण्याची बाटली भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिली तर काय बिघडते? हे पाणी रोज आपली मुले पिणार आहेत.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. टाकी पाहायची म्हणून झाकण काढून कोणी आत डोकावू नये, काडी पेटवू नये आणि मजुराला तर मुळीच उतरवू नये. आतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. 2023 च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात अशाच टाकीत पाच मजुरांचा जीव गेला. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणे गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये ठरवली. टाकी उपसायची ती गाडीने.

काय पाहावे

घर पाहायला जाताना दलालाबरोबर आपला एक गवंडी आणि एक नळकाम करणारा न्यावा. मोठा सौदा असेल तर इंजिनिअर न्यावा. त्यांची फी लग्नातल्या एका जेवणाच्या पंगतीपेक्षाही कमी असते. मग एवढे पाहावे:

एकाच भिंतीला नवा रंग का? खालच्या तीन फुटांनाच टाइल का? जुन्या घरात नवे पी.ओ.पी.चे छत का? जिथे झाकले आहे तिथे विचारावे. कपाट भिंतीला लावलेले असेल तर ते सरकवून मागे पाहावे.

नाण्याने प्लास्टर ठोकावे; पोकळ आवाज आला तर ते सुटलेले आहे. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीच्या आतून येते आहे.

स्लॅबवर तांबूस डाग किंवा उघडी सळई दिसते का? गच्चीवर एक दिवस पाणी बांधून ठेवू देता का, असे मालकाला विचारावे. दाराच्या चौकटीत मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे.

टाकी कुठे आहे, तळ बांधला आहे का, शेवटची कधी उपसली, उपसणाऱ्या गाडीची नळी गल्लीत पोहोचते का, हे चार प्रश्न विचारावेत. सगळे नळ एकदम सोडून संडासात पाच-सहा बादल्या ओताव्यात आणि पाणी कसे जाते ते उभे राहून पाहावे.

कोणी म्हणेल, एवढे केले तर मालक घरच देणार नाही. आमचे म्हणणे असे की जो गच्चीवर पाणी बांधू देत नाही, त्याने उत्तर देऊनच टाकले. बँकेचे कर्ज घेणाऱ्याकडे निदान बँकेचा मूल्यांकन करणारा येतो. तोही बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते पाहतो, तुमची भिंत कोरडी आहे का ते पाहत नाही. आपल्यातले अनेक जण व्याज टाळण्यासाठी दागिने विकून, नातेवाइकांकडून उसने घेऊन रोखीने घर घेतात. त्यांच्या सौद्यात तिऱ्हाईत डोळा एकही नसतो. म्हणून तपासणीची गरज त्यांना सर्वांत जास्त.

अमेरिकेत घराचा सौदा ठरला तरी घेणारा सहसा आधी तपासनीस पाठवतो आणि मगच तो पक्का होतो. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर घर विकताना सेप्टिक टाकी तपासून घेणे 1995 पासून नियमाने सक्तीचे आहे. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण कायदा अगदीच मुका नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 55 वे कलम सांगते की जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या दक्षतेने कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. नोंदणी झालेल्या नव्या प्रकल्पात रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तेव्हा इसारपावतीत दोन ओळी जास्त लिहून घ्याव्यात: ओल, गळती, टाकी यांबद्दल मालकाने काय सांगितले ते, आणि दोष निघाल्यास खर्च कोणाचा ते. जमल्यास थोडी रक्कम पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवावी.

विकणाऱ्याचा हिशेब

इथवर घेणाऱ्याची बाजू झाली. आता दुसरी सांगितली नाही तर हा लेख वरचे दोन वार चांगल्या ताग्यासारखा होईल.

तेच घर पुढे आम्ही विकले. घरात लग्न होते, पैशाची घाई होती. दलाल म्हणाला, एक हात रंग मारा, उन्हाळ्यातच दाखवा. भिंतीचे आम्ही सांगितले, भाव थोडा उतरला तो सोसला. पण टाकीला तळ नाही हे आम्हाला तोवर कळले होते आणि ते आम्ही सांगितले नाही. घेणाऱ्याने विचारले नव्हते, एवढेच आमच्याजवळ कारण होते. श्रावणात तो दारात आला. भांडायला आला नव्हता. शेजाऱ्याच्या बोअरला वास येतो, काय करू, एवढेच विचारायला आला होता. नव्या टाकीचा अर्धा खर्च आम्ही दिला. अर्धाच का दिला, हा प्रश्न त्याने विचारला नाही. आम्ही स्वतःला अजून विचारतो.

प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली, हा प्रसंग आमच्या वाचकांना लहानपणापासून ठाऊक आहे. ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्या व्यापाऱ्याला विचारले गेले. दोषी माल विकू नये, असे तिथे म्हटलेले नाही. तो झाकून विकू नये, असे म्हटले आहे. आमच्या धंद्यातही सेकंडचा माल विकतोच, पण सेकंड म्हणून आणि सेकंडच्या भावाने. झाकलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क फिकहमध्ये घेणाऱ्याला दिला आहे, त्यालाच खियार-ए-ऐब म्हणतात. साडी परत घेणारे आपण घराच्या बाबतीत हा हक्क विसरतो.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावच्या व्यापारी मंडळींनी आणि मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी दोन-चार इमानदार गवंडी, नळकामवाले आणि एखादा इंजिनिअर यांची नावे काढून ठेवावीत आणि ठरलेल्या मेहनतान्यावर ते घर पाहून देतील अशी सोय करावी. दलालांनी घर दाखवतानाच दोष सांगण्याची रीत पाडावी. त्यांची दलाली त्याने बुडणार नाही, उलट पुढचे गिऱ्हाईक येईल. आणि विकणाऱ्याने रंगाऱ्याला बोलावण्याआधी घेणाऱ्याला बोलवावे व ओली भिंत ओली असतानाच दाखवावी. भाव थोडा कमी येईल. पण श्रावणात कोणी दारात येणार नाही.