पट्टा कुणाच्या कमरेवरून उतरणार?

लास व्हेगासमध्ये ६ डिसेंबर २०२५ ची रात्र रंगात आली, तेव्हा भारतात रविवारची सकाळ झाली होती. 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप' अर्थात यूएफसीच्या अष्टकोनी पिंजऱ्यात त्या रात्री दोन विजेते आपापले पट्टे राखण्यासाठी उतरले होते. फ्लायवेट गटातील ब्राझीलचा अलेक्झांड्रे पांतोजा अवघ्या २६ सेकंदांत बाद झाला. तोल जाऊन पडताना जमिनीवर टेकलेला हातच त्याला दगा देऊन गेला. म्यानमारमध्ये जन्मलेला २४ वर्षांचा जोशुआ व्हॅन विजेता ठरला. त्यानंतर बँटमवेट गटातील जॉर्जियाचा मेराब द्वालिश्विली पाच फेऱ्या झुंजला, पण पंचांनी एकमताने कौल दिला तो रशियाच्या पीटर यानला. सट्टाबाजाराने दोन्ही विजेत्यांना पसंती दिली होती. ती दोन्हीकडे चुकली.

मिश्र युद्धकलांच्या या खेळात कोणता विजेता कधी पडेल, याचे अंदाज बांधणे हा चाहत्यांचा आवडता छंद आहे आणि सट्टेबाजांचा धंदा. हे अंदाज बहुधा नावलौकिकाच्या आणि शेवटच्या लढतीच्या आठवणीच्या जोरावर बांधले जातात. २०२५ या एका वर्षाचा जमाखर्च मांडला, तर मात्र काही गोष्टी स्पष्ट दिसू लागतात.

यूएफसीत पुरुषांचे आठ आणि महिलांचे तीन, असे एकूण ११ वजनगट आहेत. त्या वर्षी आठ वेळा विजेत्याने पिंजऱ्यात पट्टा गमावला. अ‍ॅलेक्स परेरा, बिलाल मुहम्मद, ज्युलियाना पेन्या, ड्रिकस डू प्लेसी, मागोमेद अंकालाएव, जॅक डेला मॅडलेना, पांतोजा आणि द्वालिश्विली हे ते आठ जण. याशिवाय इलिया टोपुरिया, इस्लाम मखाचेव, जॉन जोन्स आणि झांग वेइली या चौघांनी न लढताच पट्टा सोडला. वर्षाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अखंड टिकलेली विजेती एकच; महिलांच्या फ्लायवेट गटातील किर्गिझस्तानची व्हॅलेंटिना शेवचेन्को. परेराने गमावलेला पट्टा ऑक्टोबरमध्ये परत मिळवला, पण मधले सात महिने तो अंकालाएवच्या कमरेला होता. थोडक्यात, अकरांपैकी दहा सिंहासने एकाच वर्षात कधी ना कधी हलली.

अंदाज बांधणारे सर्वप्रथम वयाकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. पट्टा गमावणाऱ्या आठांपैकी परेरा, मुहम्मद, पेन्या व पांतोजा या चौघांनी पस्तिशी गाठली होती. आठपैकी सहा लढतींत जिंकणारा हरणाऱ्यापेक्षा वयाने लहान होता; डू प्लेसीला हरवणारा खमझात चिमाएव तर जेमतेम काही महिन्यांनी. उलट परेराने ३८ व्या वर्षी अंकालाएवला ८० सेकंदांत लोळवले, तर मखाचेवने आपल्याहून पाच वर्षांनी लहान असलेल्या डेला मॅडलेनाला पाचही फेऱ्यांत निष्प्रभ केले. आणि वर्षभर टिकून राहिलेली शेवचेन्को ३७ वर्षांची होती.

वयाचा नियम सर्व गटांना सारखा लागू होत नाही, हे त्याचे कारण. हलक्या गटांत चपळाई हेच भांडवल असते. प्रतिक्रियेला क्षणाचा विलंब झाला की ठोसा चुकवता येत नाही. वजनदार गटांत मात्र ताकद आणि अनुभव दीर्घकाळ साथ देतात. रँडी कूटूरने २००७ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी हेवीवेट विजेतेपद मिळवले, तर ग्लोव्हर टेशेराने २०२१ मध्ये ४२ व्या वर्षी लाइट हेवीवेटचा पट्टा जिंकला. तेव्हा केवळ जन्मतारीख पाहून भाकीत करणाऱ्याने आधी वजनाचा काटा पाहिलेला बरा.

दुसरी खूण अधिक लक्षवेधी आहे. आठांपैकी मुहम्मद, पेन्या, अंकालाएव आणि डेला मॅडलेना हे चौघे विजेतेपद राखण्याच्या पहिल्याच लढतीत हरले. या चौघांनीही पट्टा मिळवला होता तो गुणांवर. प्रतिस्पर्ध्याला बाद करून किंवा शरण आणून त्यांच्यापैकी कुणीही सिंहासनावर बसले नव्हते. पेन्याच्या विजयावर तर २०२४ मध्ये पंचांचेच एकमत नव्हते. एका वर्षाच्या आकड्यांवरून सिद्धांत मांडणे घाईचे ठरेल, पण त्यामागील तर्क समजण्यासारखा आहे. गुणांवर मिळालेले विजेतेपद म्हणजे त्या रात्रीचे काठावरचे वर्चस्व. पुढचा आव्हानवीर त्याच २५ मिनिटांचे चित्रीकरण पुन:पुन्हा पाहून तयारीनिशी उतरतो.

जुना इतिहासही हेच सुचवतो. मेलबर्नमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये हॉली होल्मने राँडा राउझीला लाथेच्या एका प्रहाराने खाली आणले, तेव्हा नव्या युगाची द्वाही फिरवली गेली. होल्म पहिल्याच राखणीत मार्च २०१६ मध्ये मीशा टेटकडून हरली आणि टेट पहिल्याच राखणीत जुलैमध्ये अमांडा नुनेसकडून. आठ महिन्यांत एक पट्टा चार कमरांवर फिरला. नुनेसने तो पहिल्यांदा राखला आणि मग डिसेंबर २०२१ पर्यंत सोडला नाही. पहिला उंबरठा ओलांडणारा विजेता बहुधा लांबचा पल्ला गाठतो, असा या कथेचा मथितार्थ.

तिसरी खूण शैलीची. २०२५ मध्ये तीन लढतींचा निकाल सट्टाबाजाराने आधीच अचूक ओळखला होता. चिमाएव, मखाचेव आणि केला हॅरिसन या तिन्ही आव्हानवीरांना विजेत्यापेक्षा अधिक पसंती होती. चिमाएव मूळचा कुस्तीगीर, मखाचेव सांबो या रशियन झोंबीत मुरलेला, तर हॅरिसन ज्युदोत २०१२ आणि २०१६ अशी सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेली. चिमाएवने २५ मिनिटांपैकी २१ मिनिटांहून अधिक काळ डू प्लेसीला आपल्या ताब्यात ठेवले. ठोसा हा योगायोगाचाही असू शकतो. पकड तशी नसते. ज्याला पाडता येते, त्याला पुन:पुन्हा पाडता येते. मातीतल्या कुस्तीचा फड पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे वेगळे सांगायला नको. विजेत्यासमोर त्याच्याहून सरस मल्ल उभा ठाकला आणि उठून उभे राहण्याची कला विजेत्याकडे नसली, तर भाकीत बरेचसे सोपे होते.

चौथी खूण आहे ती परतून येणाऱ्याची. द्वालिश्विलीने मार्च २०२३ मध्ये यानला पाचही फेऱ्यांत मागे टाकले होते. पावणेतीन वर्षांनी यानने त्याच अव्याहत चढाईवर उपाय शोधला. हेन्री सेहुडो एप्रिल २०१६ मध्ये डिमिट्रियस जॉन्सनसमोर पहिल्याच फेरीत गारद झाला होता. सलग ११ वेळा पट्टा राखण्याचा विक्रम केलेल्या त्याच जॉन्सनला त्याने ऑगस्ट २०१८ मध्ये हरवले. लिऑन एडवर्ड्स २०१५ मध्ये कमारू उस्मानकडून हरला आणि २०२२ मध्ये त्यानेच उस्मानचे राज्य संपवले. अर्थात प्रत्येक पराभूत शिकतोच असे नाही. शॉन ओमॅलीला द्वालिश्विलीने नऊ महिन्यांत दोनदा हरवले. फरक पडतो तो मधल्या काळाने आणि त्या काळात केलेल्या दुरुस्तीने.

या साऱ्या खुणा पिंजऱ्यातल्या झाल्या. २०२५ मधील बारांपैकी चार पट्टे मात्र पिंजऱ्याबाहेर सुटले. टोपुरिया आणि मखाचेव वरच्या वजनगटात गेले व तेथेही विजेते ठरले. झांग वेइलीनेही तोच मार्ग धरला. पण तिची गाठ शेवचेन्कोशी पडली आणि हातचे सोडून पळत्यामागे गेल्याचे फळ तिला मिळाले. जोन्सने जून २०२५ मध्ये निवृत्ती पत्करली, तोपर्यंत टॉम अ‍ॅस्पिनॉल दीड वर्षाहून अधिक काळ हंगामी विजेता म्हणून ताटकळत होता. फ्रान्सिस एन्गानू २०२३ मध्ये कराराच्या वाटाघाटी फिसकटल्याने पट्ट्यास मुकला. चार्ल्स ऑलिव्हेराने मे २०२२ मध्ये तो चक्क वजनकाट्यावर गमावला. मर्यादेपेक्षा त्याचे वजन अर्धा पौंड अधिक भरले होते. दुसऱ्या दिवशी त्याने लढत जिंकली, पण पट्टा रिकामाच राहिला. तेव्हा भाकीत करणाऱ्याने डावपेचांइतकेच करार आणि वजनकाटा यांचेही भान ठेवायला हवे.

मग जे उरते ते केवळ नशीब का? काही अंशी होय. उस्मान ऑगस्ट २०२२ मध्ये तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर पुढे होता. पाचव्या फेरीचे एक मिनिटही शिल्लक नसताना एडवर्ड्सची लाथ डोक्यावर बसली आणि सारे संपले. पांतोजाचा हात निखळेल, हे कोणते गणित सांगणार होते? यानने २०२१ मध्ये पट्टा गमावला तो नियमबाह्य गुडघा मारून अपात्र ठरल्यामुळे. यूएफसीत विजेतेपद अशा रीतीने बदलण्याची ती पहिलीच वेळ. कोण पडेल हे काही प्रमाणात ओळखता येते, कधी पडेल हे मात्र क्वचितच.

तरीही हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. काही पराभव ओळखता येत असतील, तर ते टाळताही येतात, निदान त्यांची शारीरिक किंमत तरी कमी करता येते. ऑस्ट्रेलियाच्या अलेक्झांडर व्होल्कानोव्स्कीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. फेदरवेटचा हा विजेता ऑक्टोबर २०२३ मध्ये अगदी अल्प सूचनेवर वरच्या गटात मखाचेवशी लढला आणि डोक्यावर लाथ बसून कोसळला. चार महिने उलटण्यापूर्वीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पस्तिशीतला हा मल्ल टोपुरियासमोर उभा होता. तेथेही तो बाद झाला. मेंदूला बसलेला हादरा, हलका गट, वय आणि कमालीचा ताजातवाना प्रतिस्पर्धी. धोक्याच्या साऱ्या खुणा समोर होत्या. थांबवले कुणीच नाही. पुढे वर्षाहून अधिक काळ विश्रांती घेऊन तो परतला आणि एप्रिल २०२५ मध्ये रिकाम्या पट्ट्यासाठी डिएगो लोपेसला हरवून पुन्हा विजेता झाला. त्या विश्रांतीचे मोल यापेक्षा अधिक स्पष्टपणे कोण सांगणार?

द्वालिश्विलीचेही तेच. जानेवारी, जून, ऑक्टोबर आणि डिसेंबर, अशी एका वर्षात चार वेळा त्याने विजेतेपद पणाला लावले. शेवटच्या दोन लढतींत जेमतेम दोन महिन्यांचे अंतर होते. शेवचेन्को मात्र त्याच वर्षी दोनदाच उतरली, तीही सहा महिन्यांच्या अंतराने. टिकण्याचे रहस्य एवढ्यातच दडले आहे असे नाही, पण त्याचा काही भाग निश्चितच यात आहे.

प्रश्न असा की, विजेत्याने नकार का देऊ नये? उत्तर पैशात आहे. यातील मल्ल कंपनीचे कर्मचारी नसतात, ते स्वतंत्र कंत्राटदार असतात. मानधन लढतीगणिक मिळते आणि कमाईचा सर्वोच्च काळ पट्टा कमरेला असेपर्यंतचाच. कंपनीने बाजारातील वर्चस्वाच्या बळावर मानधन दडपले, असा आरोप करणाऱ्या मल्लांच्या दाव्यात ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीला अमेरिकी न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतिम मान्यता दिली. त्याच वर्षी प्रक्षेपणाचा सात वर्षांचा, ७.७ अब्ज डॉलरचा करार जाहीर झाला. एवढ्या मोठ्या कराराला दर महिन्याला मोठ्या लढती लागतात आणि मोठ्या लढतींना विजेते लागतात. वेळापत्रक ठरवणारा पिंजऱ्याबाहेर असतो, मार खाणारा आत.

म्हणूनच पुढचा पट्टा कुणाचा जाणार, हे विचारताना नाव शोधण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. विजेत्याची ही पहिलीच राखण आहे का? पट्टा त्याने गुणांवर मिळवला होता का? समोरचा मल्ल त्याला पाडू शकतो का? गट हलका असून त्याने पस्तिशी ओलांडली आहे का? आणि शेवटच्या जबर मारानंतर किती महिने लोटले? यापैकी तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली किंवा शेवटचे उत्तर चार महिन्यांच्या आत असले, तर सट्टाबाजाराचा कौल काहीही असो, सिंहासन डळमळीत समजावे. हे प्रश्न चाहत्यांनी विचारले तर अंदाज सुधारतील. विजेत्याच्या प्रशिक्षकाने करारावर सही होण्यापूर्वी विचारले, तर कदाचित एखादा मल्ल शाबूत घरी परतेल.