टर्बोचं बटण

रविवारी भाच्याच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर १९९० सालचा ‘विंग कमांडर’ चालवला. जुने डॉसचे खेळ चालवणारा डॉसबॉक्स टाकला, सायकल्स (म्हणजे त्यातल्या नकली प्रोसेसरचा वेग) हौसेनं ‘मॅक्स’वर ठेवल्या आणि शत्रूची विमानं डासांसारखी भणभणत आली नि गेली. ‘मामा, संपला का गेम?’ भाचा म्हणाला. संपला नव्हता रे, मी संपलो होतो! त्या काळातले बरेच खेळ घड्याळाकडे बघतच नसत. प्रोसेसर जितका पळेल तितके तेही पळत. १९८१च्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, त्याच हिशेबानं अनेकांनी खेळ लिहिले. पुढं वेगवान यंत्रं आली, तेव्हा कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचं बटण आलं. जुन्या खेळांसाठी त्याचा खरा उपयोग यंत्र हळू करण्याचाच, पण नाव बघा कसं! (आमच्या गल्लीत ते दाबून ‘स्पीड वाढला’ म्हणणारे महाभाग होते, मीही त्यातलाच.) आता डॉसबॉक्समध्ये तेच काम कंट्रोल आणि एफ११ करतात, कंट्रोल आणि एफ१२नं वेग वाढतो. तीन हजार सायकल्सपासून सुरुवात करा आणि हळूहळू चढवा, गूळपोळीच्या तव्याखालच्या आचेसारखं. लॅपटॉपला झेपेल त्याच्यापुढं गेलात, तर आवाज तुटायला लागतो. तिथून मागं या. ‘जुना गेम नीट चालत नाही, ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?’ असं विचारणाऱ्यांना मी यापुढं चहासुद्धा देणार नाही. भाच्यानं मात्र सायकल्स उतरवल्यावर पहिल्याच फेरीत तीन विमानं पाडली. माझं एक, तेही बहुधा आपल्याच बाजूचं.