जुनी शिडाची होडी आणि परताव्याचा प्रश्न

पणजीत आमच्या ओळखीच्या घरातला मुलगा जुनी शिडाची होडी घेतोय. चौदा फुटी, फायबरची, दोन माणसांची. घरात महिनाभर खल चाललाय आणि प्रश्न एकच: पुढं विकली तर किती येतील? जन्मभर बँकेत कर्जाचे कागद तपासले म्हणून मला विचारलं. माझं मत इथंच लिहितो, इतरांनाही उपयोगी पडेल.

परताव्यासाठी घेत असाल तर प्रस्ताव नामंजूर. होडीला घसारा लागतो, वापरा नाहीतर झाकून ठेवा. शिडाचं कापड उन्हानं विरतं, दोर कडक होतात, डोलकाठीच्या तारा खाऱ्या हवेनं गंजतात. जून ते सप्टेंबर बाहेर काढून ठेवायची, त्या जागेचंही भाडं.

मौजेसाठी घ्यायची तर खुशाल घ्या, पण रक्कम पहिल्याच दिवशी खर्ची टाका. लग्नाच्या पंगतीचे पैसे परत किती येतील असं कोण विचारतं का? बुडाले तरी रात्री झोप लागेल एवढेच घालायचे, दुरुस्तीला वेगळे ठेवायचे. कर्ज काढून मुळीच नाही. जुनी घेण्यात शहाणपण हेच की मोठा घसारा पहिल्या मालकानं सोसलेला असतो.

आमच्याकडे पैसा म्हणजे प्लॉट, सोनं, नाहीतर मुदत ठेव. मांडवीकाठी तीन पिढ्या गेल्या, पण नदी बघितली ती बेतीच्या फेरीबोटीतून. याच नदीतल्या दिवाडी बेटावर ‘म्हादेई’ बांधली. तीतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. पुढं २०१३ साली अभिलाष टॉमींनी त्याच होडीतून कुठंही न थांबता फेरी पुरी केली. आणि आमच्या घरातला एक पोरगा चौदा फुटी होडी मागतो तर आम्ही बाजारभाव काढून बसतो! किंमत सांभाळायची म्हणून घेतलेली होडी ताडपत्रीखालीच राहते. ओरखडा उठेल म्हणून पाण्यात घालायचा जीव होत नाही.

तपासणीत मात्र बँकवाल्यासारखं कडक राहा. लाकडी मुठीनं सगळं अंग ठोकून बघा. एकाजागी बद्द आवाज आला तर आत थर सुटलेत. डोलकाठीच्या बुडाशी दाबून बघा, दबता कामा नये. शीड उजेडासमोर धरा. नवं शीड स्वस्त नसतं, तेव्हा ते फाटकं निघालं तर भाव तिथंच पाडा. मालकीचे कागद मूळ बघा, झेरॉक्स नको. आणि पैसे देण्याआधी, दुपारी खारं वारं सुटल्यावर, मालकाला बरोबर घेऊन एक फेरी मारा.

लाइफ जॅकेट तेवढं नवं घ्या. होडीबरोबर फुकट मिळालेलं जुनं घालू नका.