विहीर कोणी निवडली?

कचरा म्हणजे काय, हे आपल्याले कोणी शिकवायची गरज नाही. गावाची घाण पिढ्यान् पिढ्या आपल्याच टोपलीतून, आपल्याच वस्तीच्या अंगानं गेली. आता ती आपल्या पाण्यात उतरते, आणि उतरताना दिसत नाही.

जुन्या गावात नदीचं वरचं पाणी गावाचं, खालचं आमचं. निदान डोळ्यांनी दिसायचं. मग हापशी आली, नळ आले, आणि शहाणे बोलू लागले की पाण्याला आता जात राहिली नाही. अरे, जमिनीखालच्या पाण्यालाही उतार असतो! कचरा डेपोच्या वरच्या अंगाला कोण राहतं आणि खालच्या अंगाला कोण, ते एकदा हिंडून बघा. डेपोची जागा ठरवणारा तिथल्या हापशीचं पाणी कधी पीत नाही.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्याच १९२७ मध्ये मुंबईनं देवनारला कचरा ओतायला सुरुवात केली. योगायोग म्हणा. पण तळ्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. कचऱ्याच्या डोंगराला मात्र गरिबाच्या शेजारी बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता आमच्या अचलपूरचं घ्या. सातपुड्याचा पायथा. डोंगरातून वाहून आलेले गोटे, रेती, मुरूम. सापन आणि बिच्छन याच पट्ट्यातून वाहतात. अशा जमिनीत पाणी चाळणीतून पडावं तसं खाली जातं आणि पूर्णेकडं सरकतं. इथं खाली अस्तर न घालता कचरा टाकला तर त्यातून झिरपणारं काळं पाणी कुठं जाईल? हे सांगायला कायले पाहिजे शास्त्रज्ञ!

कागदावर सगळं झकास आहे. २००० च्या नियमांत लिहिलं, २०१६ च्या नियमांत पुन्हा लिहिलं: भराव सुरू करण्याआधी तिथल्या भूजलाची तपासणी करून नोंद ठेवा. नंतर हद्दीपासून ५० मीटरच्या आत उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर पाणी तपासा. शिसं, पारा, आर्सेनिक, क्रोमियम बघा. नायट्रेट लिटरमागं ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. भरावाच्या तळाला ९० सेंटिमीटर चिकणमाती, वर दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा थर. वाचताना वाटतं, स्वित्झर्लंडच!

मी एका कचेरीत गेलो. कोणत्या, ते राहू द्या, सगळ्या सारख्याच. म्हटलं, "साहेब, डेपोजवळच्या विहिरीचा रिपोर्ट पाहिजे." साहेब हसले. "अरे, वऱ्हाडाचं पाणीच खारं. खारपाणपट्टा आहे हा."

काहून बाप्पा? खारपाणपट्टा पूर्णेच्या अंगानं, तिकडं दर्यापूर-भातकुलीकडं. आम्ही त्याच्या वर, डोंगराच्या कुशीत. आणि समजा पाणी मुळातच खारं आहे, तर भरावाच्या आधीचा आकडा दाखवा. वरच्या अंगाच्या विहिरीचा आकडा दाखवा, खालच्या अंगाचा दाखवा, दोन्ही एकाच दिवशी घेतलेले. या दोन विहिरींच्या फरकातच गुन्हेगार सापडतो. जुनी नोंद नाही, वरची विहीर नाही, म्हणजे सगळा दोष निसर्गाच्या माथी. निसर्ग कोर्टात येत नाही ना.

वरून सल्ला, "पाणी उकळून प्या." उकळल्यानं जंतू मरतात. शिसं मरत नाही. नायट्रेट तर पाणी आटलं की लिटरमागं वाढतं. आणि या दोघांना ना रंग, ना वास. आमची माय पाण्याची चव घेऊन सांगायची, गोडं की मचूळ. या विषापुढं तिची जीभ हरते. इथं प्रयोगशाळाच पाहिजे, आणि ती कोणाच्या हातात, हाच झगडा आहे.

पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. विहिरी नासल्या, लोकांना टँकर आले. टँकर म्हणजे कबुलीजबाबच की! तिथले शेतकरी वर्षानुवर्षं गाड्या अडवत राहिले. त्यांच्यापाशी सातबारा होता. आपल्यापाशी तो नाही, तर आपल्या पोटाला पुरावा कोण मानेल?

अमेरिकेत १९८२ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत, जिथं काळ्यांची वस्ती जास्त, तिथं सरकारनं विषारी माती पुरायला काढली. लोक विहिरीचं पाणी पिणारे. ते ट्रकसमोर रस्त्यावर आडवे झाले. पाचशेच्या वर अटका झाल्या. पँथर नाव आपण काळ्यांकडूनच घेतलं, मग त्यांची ही लढाई आपल्या पोरांना का माहीत नसावी?

तर दोस्तहो, घोषणा देऊन घसा बसला असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कोणत्या विहिरीचं पाणी घेतलं, कोणत्या महिन्यात, आणि ती विहीर कोणी निवडली, हे लेखी मागा. नमुना घेताना तिथं हजर राहा. हापशी आधी चांगली हापसून मगच बाटली भरायची. जंतूंची बाटली निर्जंतुक, धातूंची वेगळी, तिच्यात आम्ल घालतात. चुकीच्या बाटलीत घेतलेलं पाणी खोटंच बोलतं, आणि त्याच खोट्यावर सही-शिक्का होतो. बाटली भरताना वस्तीतल्या बाया गोळा करा. रिपोर्ट आला की आकडे मराठीत, खडूनं, हापशीच्या कट्ट्यावर लिहा. पावसानं पुसले तर पुन्हा लिहा.