मनात आलेला विचार म्हणजे गद्दारी नव्हे

'सोवळे-ओवळे पाळणाऱ्यांना ओसीडी झालाय' हे वाक्य चळवळीत हमखास टाळ्या घेते. आम्हीही ते भाषणात वापरले आहे. आता वापरत नाही. सोवळे पाळणारा सुखात असतो, त्रास दुसऱ्याला होतो. ती सत्ता आहे. ओसीडी झालेला माणूस मात्र स्वतःच जळत असतो. जातीला आजार म्हटले की जात पाळणारा रुग्ण ठरून सुटतो आणि खरा रुग्ण थट्टेचा विषय होतो.

हे आम्हाला आजऱ्यातल्या एका तरुण कार्यकर्त्यामुळे कळले. वंदना सुरू झाली की त्याच्या मनात बाबासाहेबांविषयी घाणेरडे शब्द उमटायचे. मग तो मनातल्या मनात एकवीस वेळा 'जय भीम' म्हणायचा. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्याने विहारात येणेच सोडले. 'मी आतून गद्दार आहे,' असे तो रडत सांगत होता. आणि आम्ही काय म्हणालो? 'वाचन वाढव.'

मित्रांनो, नको ते विचार बहुतेक सगळ्यांच्याच मनात येतात. 1978 साली स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी हे अभ्यासातून दाखवले. इतर जण तो विचार सोडून देतात. ओसीडीत त्याची भीती बसते, ती शमवायला काहीतरी करावे लागते, क्षणभर बरे वाटते आणि मन तेच पुन्हा मागते. घाव नेमका जिव्हाळ्याच्या जागी बसतो. आईला बाळाला इजा करण्याचे विचार छळतात, भीमसैनिकाला बाबासाहेबांच्या अवमानाचे.

हे डी सिल्वा मूळचे श्रीलंकेचे. मज्झिम निकायातल्या वितक्कसंठान सुत्तातले उपाय आणि आजचे वर्तनोपचार यांची त्यांनी पुढे तुलना केली. त्या सुत्तात नको त्या विचाराकडे लक्षच न देण्याचा उपाय आहे, प्रायश्चित्त कुठेच नाही. पण सुत्त वाचून ओसीडी बरा होईल असे कुणी समजू नये. विचार येऊ द्यायचा आणि मोजणी करायची नाही, हे थेरपिस्टसोबत पायरीपायरीने शिकावे लागते. अनेकांना गोळ्याही लागतात.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे उपचार आपला हक्क आहेत. तरी आजऱ्याहून कोल्हापूरला जायचे म्हणजे एका दिवसाचा रोजगार बुडतो. हा प्रश्न मोर्चाच्या निवेदनात का नसतो?

'वाचन वाढव'मध्ये त्या पोराचे सहा महिने गेले. आता विहाराच्या फलकावर जयंतीच्या वर्गणीखाली आम्ही टेलिमानसचा मोफत नंबर लिहिला आहे, 14416.