मूल, मोबाइल आणि बाग

बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बदलत गेले आहे. अतिसार, न्यूमोनिया, कुपोषण यांच्याशी चाललेली झुंज संपलेली नाही. परंतु त्यांच्या जोडीला आता दरवर्षी वाढणारा चष्म्याचा नंबर, स्थूलता, 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता, अपुरी झोप आणि कशातच मन न लागणे अशा तक्रारी येऊन बसल्या आहेत. या सर्वांचे कारण एकच आहे असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र हिस्टरी घेताना 'मूल रोज किती वेळ उघड्या आकाशाखाली असते?' हा एक प्रश्न विचारला, तर उत्तर बहुधा सारखेच येते. आई-वडील एकमेकांकडे पाहतात आणि मग शाळेच्या बसपर्यंत चालण्याचा वेळ मोजू लागतात.

उघडे आकाश हे आता केवळ आजीबाईच्या बटव्यातील औषध राहिलेले नाही. सिडनी आणि सिंगापूर येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांचा तुलनात्मक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. सिंगापूरमध्ये 29 टक्के मुलांना मायोपिया होता, तर सिडनीत सुमारे 3 टक्के मुलांना. पालकांच्या चष्म्यांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो मैदानातील वेळेत : सिडनीची मुले आठवड्याला सुमारे 14 तास घराबाहेर असत, सिंगापूरची केवळ 3 तास. पुढे चीनमधील ग्वांगझौ येथे शाळांच्या वेळापत्रकात रोज 40 मिनिटांचा मोकळ्या हवेतील तास वाढवून तीन वर्षे निरीक्षण केले गेले. नव्याने मायोपिया होण्याचे प्रमाण या शाळांत 30.4 टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर शाळांत 39.5 टक्के असल्याचे 2015 साली दिसून आले. फिनलंडमधील संशोधकांनी पाळणाघरांच्या अंगणात जंगलातील माती व गवत आणून टाकले. अवघ्या 28 दिवसांत मुलांच्या त्वचेवरील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील प्रतिकारशक्तीचे निर्देशकही सुधारले. हा अभ्यास 2020 सालचा. ज्या मातीत हात घातला म्हणून आपण मुलांना दटावतो, तीच माती त्यांच्या शरीराला काही शिकवीत असते, असा याचा अर्थ.

औषध इतके स्वस्त आणि गुणकारी असताना ते घेतले का जात नाही? याचे उत्तर आपल्या ग्वाल्हेरात शोधले पाहिजे. येथे मे-जूनमध्ये पारा 45 अंशांकडे धावतो आणि जानेवारीत धुके उतरते. त्यात धुळीची भर. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली प्रसिद्ध केलेल्या यादीत पीएम 2.5 या सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत आपले शहर जगात दुसऱ्या क्रमांकावर होते, हे आपण विसरलेलो नाही. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास येथे छावणी टाकली आणि लष्कर वसले. त्या लष्करातील जुन्या मराठी वाड्यांना चौक होता, विहीर होती, तुळशीवृंदावन व पारिजातक होता. मुलाला 'बाहेर' जावे लागत नसे, कारण बाहेर हे घराच्या आतच होते. त्या वाड्यांतून आपण थाटीपुर, मुरार आणि सिटी सेंटरकडील कॉलन्यांत आलो. घरे सोयीची झाली, पण अंगण मागे राहिले. आता अंगणाचे काम सार्वजनिक उद्यानाने करावयाचे आहे, आणि ते काम करण्यास आपली उद्याने सध्या तरी सज्ज नाहीत.

आपल्याकडे उद्यानात 'तंत्रज्ञान' आणणे म्हणजे काय, हे कोणत्याही नव्या बागेत पाहावे. रंगीत दिव्यांचे कारंजे, खोडांना गुंडाळलेल्या एलईडीच्या माळा, ध्वनिक्षेपकावर गाणी आणि फोटोसाठी उभारलेले प्लॅस्टिकचे हृदय. यातील एकही वस्तू मुलाला झाडाजवळ नेत नाही. उलट रात्रभर पेटलेली माळ त्या झाडावरील पाखरांची झोप उडविते. हे तंत्रज्ञान शोभेचे आहे, आणि सहा महिन्यांत बिघडले की ते शोभेचेही उरत नाही.

यावर अनेक सुज्ञ मंडळी म्हणतात की बागेच्या फाटकावरच मोबाइल काढून घ्यावा. हा विचार मनाला पटतो, पण व्यवहारात टिकत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला मोबाइल आणि बाग यांतून एक निवडावयास सांगितले, तर तो काय निवडेल हे आपण सर्वजण जाणतो. येथे मराठी माणसाने आपल्याच परंपरेतील एक उदाहरण आठवावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघरमधील) कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे राखण्यासाठी कुरणात जात आणि शाळेत येत नसत. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथे जाऊन त्याचा हात धरावयाचा, हे त्यातील सूत्र. आजचे मूल पडद्याच्या कुरणात चरते आहे. त्याला बाहेर आणावयाचे तर पडद्यापर्यंत आपल्याला जावे लागेल. मात्र तेथे मुक्काम करावयाचा नाही, त्याला हाताशी धरून परत यावयाचे आहे.

ही दुसरी अट महत्त्वाची आहे. 2016 साली पोकेमॉन गो या खेळाने जगभरातील तरुणांना रस्त्यांवर व बागांत आणले. बीएमजे या नियतकालिकातील अभ्यासानुसार पहिल्या आठवड्यात खेळाडूंची पावले रोज सरासरी 955 नी वाढली, पण सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ नाहीशी झाली. कारण उघड आहे : बाग ही केवळ खेळाची पार्श्वभूमी होती. मुले झाडाखाली उभी होती, पण त्यांनी झाड पाहिले नव्हते. यावरून उद्यानातील प्रत्येक यंत्राला एक साधी कसोटी लावता येईल. ते वापरल्यानंतर मुलाची नजर पडद्यावरून उठून पानावर, पाखरावर किंवा मातीवर जाते काय? जात असेल तर ते यंत्र बागेत हवे, एरवी नको.

या कसोटीस उतरणारी साधने आज उपलब्ध आहेत व बरीचशी विनामूल्य आहेत. पक्ष्याचा आवाज ऐकून त्याचे नाव सांगणारे कॉर्नेल विद्यापीठाचे मर्लिन हे ॲप घ्या. नाव कळताच मूल मान वर करून तो पक्षी शोधू लागते. सीझनवॉच या भारतीय उपक्रमात विद्यार्थी एकच झाड निवडून त्याची पालवी, मोहोर व फळे यांची नियमित नोंद करतात. मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली जगापुढे आणलेला कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, खिशात मावतो. बागेतील डबक्याचा एक थेंब त्याखाली पाहिलेले मूल ते डबके सहसा विसरत नाही. कुनोमध्ये 2022 साली आलेल्या चित्त्यांची नावे आपल्या मुलांना पाठ आहेत, याचा आनंदच आहे. पण दारातील कडुनिंबावर रोज ओरडणारा तांबट त्यांना ओळखता येत नाही. चित्ता वर्षातून एकदा पाहता येईल, तांबट रोज.

थाटीपुरातील मराठी मंडळींपुढे मी एक नेमकी सूचना ठेवू इच्छितो : पत्री-वाटिका. गणेशचतुर्थीच्या पूजेसाठी एकवीस प्रकारच्या पत्री गोळा करणे हा एके काळी मुलांचा वनस्पतिशास्त्राचा वर्ग होता. दूर्वा, आघाडा, शमी, माका, बेल, डोरली, विष्णुक्रांता, अर्जुन, हादगा ही नावे पाठांतराने नव्हे, तर गुडघे खरचटून शिकली जात. आज पत्री पुडीत बांधून विकत मिळते आणि पुडी उघडून पाहण्याचे कष्टही कोणी घेत नाही. या वनस्पती एका उद्यानाच्या कोपऱ्यात लावता येतील. देवदारासारखी एखाद-दुसरी येथील उन्हाळ्यात तगणार नाही, पण उरलेल्या बहुतेक तगतील. प्रत्येकीजवळ एक क्यूआर कोड असावा. तो उघडला की विकिपीडियाचा उतारा न येता समाजातील एखाद्या आजीचा वा आजोबांचा आवाज ऐकू यावा : या पानाला आमच्याकडे काय म्हणत, ते कुठे मिळे, कशासाठी वापरीत. एका मिनिटाचे मराठी आणि एका मिनिटाचे हिंदी ध्वनिमुद्रण पुरेसे आहे. झाड, भाषा आणि आवाज यांपैकी आवाज सर्वांत आधी जाणार आहे, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. शेजारी एक आवळाही लावावा, म्हणजे कार्तिकातील आवळी-भोजनास पुन्हा सावली मिळेल.

बालरोगतज्ज्ञ म्हणून येथे एक इशारा देणे भाग आहे. पत्रींमधील धोतरा व कण्हेर विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे. त्यांना कुंपण व ठळक फलक हवाच. तसेच केवळ झटपट वाढतात म्हणून परदेशी झाडांच्या रांगा लावू नयेत. कोनोकार्पस या झाडाच्या लागवडीवर गुजरातच्या वनविभागाने 2023 साली बंदी घातली. त्याच्या परागकणांमुळे होणारा श्वसनाचा त्रास हे त्यामागील एक कारण होते. कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, कदंब असताना आपल्याला बाहेर हात पसरण्याचे कारण नाही.

सर्वोत्तम तंत्रज्ञान बहुधा डोळ्यांना दिसत नाही. मातीतील ओलावा मोजून ठिबकने प्रक्रिया केलेले सांडपाणी देणारी यंत्रणा मे महिन्यात बाग हिरवी ठेवील. प्रवेशद्वारावर त्या क्षणीचा हवेचा निर्देशांक दाखविणारा फलक असेल, तर दम्याच्या मुलाच्या आईला आज खेळावयास पाठवावे की नाही हे कळेल. माणसाची चाहूल लागताच उजळणारे आणि एरवी मंद राहणारे पिवळसर दिवे पाखरांनाही सोसतील. दृष्टिहीन मुलासाठी ध्वनिमार्ग आणि व्हीलचेअरवरील मुलासाठी उंच वाफे हवेत. अशा मुलांच्या बाबतीत तंत्रज्ञान ही चैन नसून बागेत शिरण्याचा एकमेव दरवाजा आहे. आणि मुलींचा विचार विसरून चालणार नाही. व्हिएन्ना शहरात असे आढळले की साधारण दहाव्या वर्षानंतर मुली उद्यानांतून नाहीशा होतात. तेथे 1999 साली दोन उद्यानांची रचना बदलून अधिक वाटा, विविध खेळांच्या जागा व चांगला प्रकाश दिल्यावर त्या परत आल्या. आपल्याकडे यात स्वच्छ स्वच्छतागृह, मदतीची कळ आणि कॅमेरा यांची भर घालावी लागेल. सर्वत्र मोफत वाय-फाय मात्र नको. तो द्यावयाचाच तर फाटकापाशी द्यावा.

हे सारे कोणी करावयाचे? ग्वाल्हेरला या बाबतीत साधनांचा तुटवडा नाही. अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था येथे आहे. जिवाजी विद्यापीठ आणि राजमाता विजयाराजे शिंदे कृषी विद्यापीठ येथे आहे. 1957 साली स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थाही येथेच आहे. ॲप एकाने, झाडांची निवड दुसऱ्याने, खेळांची आखणी तिसऱ्याने करावी, इतके सरळ वाटप होऊ शकते. पैशाचा मार्गही अनोळखी नाही. 2015 साली सुरू झालेल्या अमृत योजनेत निधीचा अडीच टक्क्यांपर्यंतचा हिस्सा हरित जागा व बालस्नेही उद्यानांसाठी राखला होता. नागरिकांनी मागणी लावून धरली तर नव्या योजनांतही अशी तरतूद होऊ शकते.

आणि मागणीची हीच वेळ आहे. थाटीपुरातील जुन्या सरकारी निवासस्थानांच्या जागी पुनर्घनत्वीकरणाची योजना गेली काही वर्षे गाजते आहे. केंद्राच्या 2014 सालच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दर माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळ्या जागेची शिफारस आहे. इमारती उंच होतील, माणसे वाढतील. त्या प्रमाणात मोकळी जमीन आणि उभी असलेली जुनी झाडे नकाशावर राहतात की नाही, हे पाहणे आपले काम आहे. सेन्सर उद्या बसविता येतो, पण पन्नास वर्षांचा कडुनिंब उद्या बसविता येत नाही. म्हणून क्रम आधी जमीन, मग झाड, मग यंत्र असाच असला पाहिजे.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. दोन वर्षांखालील बालकाला पडदा नको आणि पाच वर्षांपर्यंत एका तासाहून अधिक नको, हे भारतीय बालरोग अकादमीचे मार्गदर्शन आपण पालकांना सांगतोच. पण 'नको' इतकेच सांगून थांबलेला सल्ला घरी पोहोचेपर्यंत विरून जातो. प्रिस्क्रिप्शनवर सिरपच्या खाली एक ओळ अधिक लिहावी : रोज एक तास, मोकळ्या आकाशाखाली. ती ओळ वाचून आई जेव्हा विचारील, 'डॉक्टरसाहेब, पण न्यायचे कुठे?', तेव्हा तिला बोट दाखविता येईल अशी एक बाग थाटीपुरात असली पाहिजे. औषध लिहून देणाऱ्याने ते दुकानात मिळते की नाही, हेही पाहावयाचे असते.