मोठी गाडी घेतली, पण सांभाळणार कोण?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड भागातील आपल्या व्यापारी बांधवांत मोठ्या गाडीची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. हॅरियर, एक्सयूव्ही ७००, कंपास अशा वीस-पंचवीस लाखांच्या गाड्या फर्निचरवाल्याच्या आणि कापडवाल्याच्या दुकानापुढेही दिसतात. धंद्यात चार पैसे सुटले तर गाडी जरूर घ्यावी, त्याला आमची ना नाही. मात्र हप्त्याचा हिशेब दहादा करणारा माणूस सांभाळण्याच्या खर्चाचा हिशेब एकदाही करीत नाही, हे आम्हाला खटकते.

आधी कराचे सांगतो. अशा गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. पेढीच्या नावावर गाडी घेतली की हा कर धंद्याच्या करातून वळता होईल, अशी पुष्कळांची समजूत असते. सर्वसाधारण दुकानदाराला तसे करता येत नाही. अशा गाडीच्या दुरुस्तीवरचा आणि विम्यावरचा करही खिशातूनच जातो.

पण खरा घोटाळा किलोमीटरचा आहे. पुस्तिकेत दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला ऑइल बदलावे असे असते, आणि आपण मीटरकडे बघत बसतो. महामार्गावर ताशी ५० किलोमीटरने दहा हजार किलोमीटर जायला इंजिन २०० तास चालते. साकीनाका, एस. व्ही. रोड, लालबहादूर शास्त्री मार्ग येथे सरासरी १५ची पडते. तेवढ्याच अंतराला इंजिन साडेसहाशेहून अधिक तास चालते! मीटर सारखाच, झीज मात्र तिपटीहून जास्त. पुस्तिकेच्या मागल्या पानांवर खडतर वापरासाठी कमी मुदत दिलेली असते. उपनगरातल्या गाडीने तीच पाळावी.

डिझेल गाडीचे आणखी एक दुखणे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि धुरातली काजळी अडवणारा फिल्टर डिझेल गाड्यांत आला. काजळी साठली की गाडी ती आपोआप जाळते, पण त्यासाठी काही वेळ सलग वेगाने चालावे लागते. घर ते दुकान चार किलोमीटर, तेही थांबत थांबत, यात ती जळत नाही. मग दिवा लागतो. कोणी म्हणते, सेन्सर बिघडला असेल, आणि महिनाभर तसेच चालते. पुढे फिल्टर बदलण्याची पाळी आली तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. दिवा लागला त्याच दिवशी, पहाटे रस्ता मोकळा असताना, पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती मार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एका लयीत गाडी चालवावी. तरीही दिवा गेला नाही तर गॅरेज गाठावे. आणि ज्याची फेरी रोज इतकीच आहे, त्याने डिझेल घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्याचे तर विचारूच नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस उपनगरे विसरलेली नाहीत. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनचे जादा संरक्षण घेतलेले नसेल तर विमा कंपनी असे नुकसान सहसा भरत नाही.

आता गॅरेजचा प्रश्न. हमी जाईल या भीतीने लोक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर पाऊल टाकत नाहीत. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दल. बाहेर काम केले म्हणून सरसकट हमी रद्द करू नये, असेही त्यात बजावले होते. प्रकरण पुढे अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले, त्यातही मोटारी आहेत.

परंतु कुर्ला, जोगेश्वरीच्या आपल्या कारागिरांनीही आता नुसत्या कानावर भागवू नये. कानाने इंजिनचा ठोका ओळखता येतो, फिल्टरमधली काजळी ओळखता येत नाही. त्याला स्कॅनर लागतो. एकट्याला झेपत नसेल तर गल्लीतल्या चौघांनी मिळून घ्यावा, आणि प्रत्येक कामाचे पक्के बिल द्यावे. त्यावर सुट्या भागाचा नंबर, ऑइलची जात आणि त्या दिवशीचे किलोमीटर असावेत. हमीचा वाद निघाला की गिऱ्हाइकाच्या हातात तेवढाच कागद असतो.